वाटत नाई हो तुम्ही

बुलढाणा जिल्ह्यात मोताळ्याला बदली झाली तेव्हा बाबांना खोली मिळायला चार महिने लागले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि आमचं आडनाव इंगळे. आमच्या भागात हे आडनाव मराठा-कुणब्यांतही आहे आणि आम्हा बौद्धांतही आहे, त्यामुळे पहिला दरवाजा उघडायला अडचण येत नसे. "इंगळे गुरुजी का? या, बसा," म्हणून सतरंजी अंथरली जायची, पाण्याचा तांब्या यायचा. मग दुसरा प्रश्न यायचा. "कोनते इंगळे?" बाबा खरं सांगायचे. खरं सांगितलं की घरमालकाला एकाएकी आठवायचं की त्या खोलीत यंदा कापूस भरायचा आहे, किंवा भाचा शिकायला येणार आहे, किंवा खोली गळते. बाबा हे सगळं आईला हसत हसत सांगायचे. ते चार महिने ते शाळेतल्याच एका वर्गात झोपले, आणि आई आणि मी सोनाळ्याला, आईच्या माहेरी राहिलो.

शेवटी भाऊसाहेबांनी खोल्या दिल्या. ते शाळेच्या समितीवर होते, शेती मोठी होती, आणि "मी जातपात मानत नाई" हे वाक्य ते चारचौघांत मोठ्यानं बोलत. बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर त्यांनी नवंकोरं स्लॅबचं घर बांधलं होतं. त्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, बोळात उघडणारं वेगळं दार होतं, आणि मध्ये अंगण. अंगणात नळ. आम्ही राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या बायको, शांताकाकू, आमच्या दाराशी आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत, मान तेवढी आत घातली. आईनं सकाळीच फळीवर भांडी मांडली होती. काकूंनी गालाला हात लावला. "अवं माय! काय लखलखीत भांडे हायेत! मास्तरीणबाई, तुमचं घर पाहून वाटतच नाई हो..."

वाक्य तिथंच थांबलं. एक लहानसा श्वास आणि मग हसू. पुढची तीन वर्षं मी ते वाक्य शेकडो वेळा ऐकलं, पण ते कधी पूर्ण झालेलं ऐकलं नाही. आईनं त्या दिवशी "बसा ना काकू" म्हटलं. काकू म्हणाल्या, "येईन ना कवातरी," आणि गेल्या. त्यांची पाठ वळल्यावर आईनं फळीवरचा एक पितळी डबा खाली काढला आणि राख घेऊन तो पुन्हा घासायला बसली. तो आधीच घासलेला होता. दुसऱ्या लोकांना बालपणातले घड्याळाचे टोले आठवतात, देवळातली घंटा आठवते. मला नारळाची शेंडी पितळेवर घासल्याचा आवाज आठवतो. तो आवाज सुरू झाला की मी ओळखायची, काकूंनी आज काहीतरी चांगलं म्हटलेलं आहे.

आणि काकू चांगलंच म्हणायच्या. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण नाहीतर त्या बाई दुष्ट होत्या असं वाटेल, आणि तशा त्या नव्हत्या. माझे केस त्या अंगणात बसवून विंचरून द्यायच्या, त्यांच्या मुलीचे, मंदाचे, लहान झालेले परकर मला द्यायच्या. पण त्यांच्या प्रत्येक कौतुकानंतर आमच्या घरातली एक गोष्ट बंद व्हायची. "तुमच्या घरून कधी कसला वास म्हून येत नाई, हे मले लय आवडते," असं त्या एकदा म्हणाल्या, आणि त्यानंतर आमच्याकडे सुकट भाजली गेली नाही. आईला सुकटीची चटणी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर प्राणाहून प्रिय होती. "तुमचा कधी आवाज नाई, भांडन नाई, नाईतर लोकं पाहा," असं म्हणाल्या, आणि बाबांनी घरात मोठ्यानं बोलणं सोडलं. रेडिओ इतका बारीक लावायचे की कान टेकवून ऐकावा लागे. "मास्तरीणबाई मोठ्या समजदार, सांगायचं काम पडत नाई," असं त्या नळाजवळ उभ्या राहून शेजारणीला म्हणाल्या. त्या दिवसापासून आई काकूंचं पाणी भरून झाल्याशिवाय नळाकडे जाईना. बुद्धाची तसबीर बाबांनी आतल्या खोलीत लावली. बाहेरच्या खोलीत धूळ येते म्हणाले. आतल्या खोलीला खिडकी नव्हती. त्या घरात आम्हाला कोणीही काही मना केलं नाही. फक्त कौतुक केलं.

आई-बाबांचं यावरून एकदाच बोलणं झालेलं मी ऐकलं. काकू बाबांना म्हणाल्या होत्या, "गुरुजी, तुमचं अक्षर पाहून कोनी म्हनीन का?" बाबा ते आईला खुशीत सांगत होते. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "काय म्हनीन का?"

"अगं, चांगलंच म्हटलं तिनं."

"चांगलं कोनाले म्हटलं? तुमाले म्हटलं, का अक्षराले म्हटलं?"

बाबा हळू आवाजात म्हणाले, "कमल, मी चार महिने हिंडलो आहे." आईनं भाकर तव्यावर टाकली आणि विषय तिथं संपला.

मला मात्र काकूंचं बोलणं गोड लागायचं. आज या वयात ते लिहितानाही हात अडतो, पण ते खरं आहे. मी अकरा-बारा वर्षांची होते. "उजळ हाय पोट्टी, नाकीडोळी नीटस. हिले पाहून कोनी म्हननार नाई," असं काकू पाहुण्यांसमोर म्हणाल्या की मला वाटायचं मी काहीतरी जिंकलं आहे. काय जिंकलं ते कळत नव्हतं, पण कोणाच्या तरी पुढं मी निघून गेले आहे एवढं कळायचं. हळूहळू मी काकूंसारखं बोलायला लागले, त्यांच्यासारखा पदर, म्हणजे ओढणी, खोचायला लागले. एकदा सोनाळ्याहून मामा आला. डोक्याला रुमाल, पायाला धूळ, खांद्यावर शेंगांचं पोतं. अंगणातूनच त्यानं हाक मारली, "जय भीम, सुजाता!" ओट्यावर काकू आणि मंदा गहू निवडत बसल्या होत्या. मी मामाकडे न बघता म्हटलं, "नमस्कार मामा. आत या." मामा क्षणभर थांबला आणि मग पायातली चप्पल काढून आत गेला. आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

अलीकडेच पुण्याला मुलीकडे होते, तर तिच्या सोसायटीतल्या एक बाई मला म्हणाल्या, "तुम्ही बुलढाण्याच्या? अगं बाई, वाटत नाही हो! किती शुद्ध बोलता." माझी मुलगी चिडली. मला गंमत वाटली, कारण त्यांनी तोच श्वास घेतला, अगदी त्याच जागी. तहसील कार्यालयात अव्वल कारकून म्हणून निवृत्त होईपर्यंत मी हा श्वास साहेबांकडून, शिपायांकडून, माझ्या हातचा चहा घेणाऱ्या मैत्रिणींकडून ऐकला आहे. आता तो ऐकला की मी समोरच्याकडे बघत राहते आणि काही बोलत नाही. बहुतेक लोक स्वतःहूनच विषय बदलतात. हे मी आईकडून शिकले, आणि कुठल्या दिवशी शिकले तेही मला पक्कं आठवतं.

त्या घरातल्या तिसऱ्या वर्षी मंदाचा साखरपुडा ठरला. पाहुणे लोणारकडचे, सुलतानपूरचे, चांगले तालेवार. भाऊसाहेबांनी जेवणाला मांडे करायचं कबूल केलं होतं. मांडे म्हणजे साध्या पोळ्या नव्हेत. कापडातून गाळलेलं गव्हाचं पीठ पाण्याचा हात लावून तास तास मळायचं, पुरण भरायचं, आणि तो गोळा दोन्ही हातांवर झेलत, पसरवत, कोपरापर्यंत रुमालाएवढा करून उलट्या खापरावर टाकायचा. तिथं जरा हात चुकला की मांडा फाटला. मांडे करणारी त्यांची नेहमीची म्हातारी होती. ती साखरपुड्याच्या दोन दिवस आधी तापानं पडली.

आईच्या हातचे मांडे मंदानं खाल्लेले होते. मंदा माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, पण दुपारी काकू झोपल्या की आमच्या आतल्या खोलीत येऊन बसायची, आईजवळून विणकाम शिकायची आणि जे असेल ते खायची. घरी सांगायची नाही, आणि आम्हीही बोलायचो नाही. त्या दिवशी घरात रडारड सुरू झाल्यावर तिनंच आईचं नाव सांगितलं असणार. काकू आमच्याकडे आल्या आणि तीन वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत बसल्या.

"मास्तरीणबाई, माही लाज आता तुमच्या हातात हाय."

आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, तुमच्या चुलीवर? मी?"

"मागच्या आंगनात चूल मांडू ना. तुमच्या हातचे मांडे खाऊन कोनाच्या बापाले समजनार नाई."

"अन् समजलं तं?"

"कोन सांगते? मी तं नाई सांगत. अन् तुमाले पाहून कोनाले वाटते का?" काकू हसल्या. आई हसली नाही. तिनं मंदाकडे पाहिलं. मंदा दारात नखं खात उभी होती, डोळे रडून सुजलेले. आई म्हणाली, "बरं. करते."

बाबांना हे पसंत नव्हतं. ते साखरपुड्याच्या आदल्या दिवशी शाळेतून आल्यावर दोनदा म्हणाले, "अजूनही नाही म्हण. ताप आला सांग." आई म्हणाली, "पोरीचं काम हाय. खोटा ताप काऊन आनू?" ती कणीक मळत होती आणि परातीवर हात आपटल्याचा आवाज बोळातून पार रस्त्यापर्यंत जात होता.

साखरपुड्याच्या सकाळी मी मंदाचा जुना हिरवा परकर नेसले. काकूंनीच सांगितलं होतं, बायकांच्या पंगतीत तूप वाढायला ये म्हणून. मला आकाश ठेंगणं झालं होतं. मधल्या खोलीत बायकांची पंगत, बाहेरच्या ओसरीत पुरुषांची. मागच्या अंगणात दगडांच्या चुलीवर खापर तापलेलं, आणि आई एकामागून एक मांडे उतरवत होती. तिचा चेहरा धगीनं लाल झाला होता. मी तूप घ्यायला आत-बाहेर करत होते तेव्हा दर वेळी ती मला डोळ्यांनी विचारायची, सगळं ठीक आहे ना? मी मान हलवायची.

नवऱ्या मुलाची आत्या पंगतीत मधोमध बसली होती. जाड, गोरी बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मुलाची आई तिच्याशेजारी बसून तिच्या तोंडाकडे पाहूनच घास घेत होती, यावरून घरात कोणाचं चालतं ते कळत होतं. आत्याबाईंनी मांड्याचा तुकडा तुपात बुडवून खाल्ला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "कोणी केले गं हे मांडे? असा पदर मी माझ्या आईच्या हातचाच पाहिला होता."

"आमच्या मास्तरीणबाईनं," काकूंच्या तोंडून निघून गेलं. त्या खुशीत होत्या.

"कोण मास्तरीण?"

"भाडेकरू हायेत. इंगळे गुरुजीची मंडळी."

"इंगळे?" आत्याबाईंनी घास हातातच धरला. "कुठले इंगळे म्हणायचे? आमच्या नणंदेच्या घरात इंगळे आहेत."

मी पलीकडच्या पानात तूप वाढत होते. काकूंच्या हातातल्या बांगड्या किणकिणल्या. त्या म्हणाल्या, "हो ना. तेच. आपल्यातलेच हायेत."

"ही त्यांची पोरगी का?" आत्याबाईंनी मला जवळ बोलावलं. "काय गं, कोणते इंगळे तुम्ही? गाव कोणतं?"

खोलीत सात-आठ बायका होत्या. मंदा कोपऱ्यात पाटावर पिवळ्या शालूत बसलेली. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत विनवणी होती आणि हुकूमही होता. मी म्हटलं, "हो. आपल्यातलेच."

पुढं बरीच वर्षं मी मलाच सांगत आले की मला खोटं बोलायला भाग पाडलं गेलं. तसं नव्हतं. ते दोन शब्द उच्चारताना मला आनंद झाला होता. काकूंचं ते अर्धं वाक्य तीन वर्षं अधांतरी लटकलं होतं. ते पूर्ण करायची संधी मला मिळाली होती आणि मी ते असं पूर्ण केलं. मी तुपाची वाटी सांभाळत वळले तर मागच्या दारात आई उभी होती. हातात मांड्यांची परात. कोपरापर्यंत पीठ. तिनं ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून नाही, तिच्या हातांवरून कळलं. तिनं परात छातीशी ओढून धरली होती.

ती आत आली, परात खाली ठेवली, आणि पदरानं तोंड पुसून आत्याबाईंसमोर उभी राहिली. "पोरगी लहान हाय, तिचं बोलनं मनावर घेऊ नका," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "आमी बौद्ध हाओत. मांडे म्या केले. खायचे नसतील तं पान सारा, मले राग येनार नाई. पन कोनी केले ते खोटं नका सांगू."

माझं उत्तर ऐकून आत्याबाईंनी हातातला घास तोंडात घातला होता. तो आता गिळावा की थुंकावा, हे त्यांना ठरवता येईना. त्यांचा गाल तसाच फुगलेला राहिला. मुलाच्या आईनं हात पानावरून उचलला आणि हवेत धरला. काकू म्हणाल्या, "अवं, मस्करी करते ती, मस्करी..." आणि त्यांचा आवाज फाटला. मंदाचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसता शालूचा काठ हलताना दिसत होता. आता लग्न मोडलं, असं माझ्या मनात आलं. माझ्यामुळे मोडलं का आईमुळे, एवढाच हिशेब मी करत होते.

तेवढ्यात ओसरीतून पुरुषाचा आवाज आला, "अहो, मांडे येऊ द्या आणखी! नवरदेवाचे बाबा सातव्यावर आहेत!" आणि मोठा हशा.

आत्याबाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर वीस-पंचवीस पुरुष होते, त्यांचा भाऊ होता, गावचे मानाचे लोक होते, आणि सगळ्यांच्या पोटात आईच्या हातचे मांडे गेले होते. हे बोलायचं तर त्या सगळ्यांबद्दल बोलावं लागणार होतं. त्यांनी घास गिळला. वर पाणी प्यायल्या. "बाहेर पाठवा मांडे," त्या म्हणाल्या. "आन् ह्या खोलीतली गोष्ट ह्या खोलीतच राहू द्या." मग त्यांना वाटलं असावं की आपण मोठेपणा दाखवला आहे तर तो पुरता दाखवावा. त्या आईकडे पाहून हसल्या. "बाई, हाताला चव आहे तुमच्या. खरं सांगू का, तुमच्या लोकांतल्या वाटत नाहीत हो तुम्ही."

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कोणीतरी हसलंसुद्धा. काकूंना तर हुंदकाच आला सुटकेचा. "मी तं पहिल्या दिवसापासून तेच म्हनते! वाटतच नाई!"

"मंग कशी वाटाले पायजे होती मी?" आई म्हणाली.

तिनं ते टोमणा म्हणून विचारलं नाही. खरंच विचारलं, शाळेतली मुलगी न समजलेलं विचारते तसं, आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली. काकूंचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"सांगा ना काकू. तीन वर्ष झाले ऐकून राह्यली मी. वाटत नाई, वाटत नाई. कशी वाटते ती बाई, जी तुमच्या मनात हाय? मले एकदा समजू तं द्या."

आत्याबाई पानातल्या भाताचे कण बोटानं गोळा करत होत्या. ओसरीतून पुन्हा हाक आली. आई थोडा वेळ अजून थांबली, मग खाली वाकून परात उचलली आणि माझ्या हातात दिली. "बाहेर दे. निवून राह्यले." आणि ती पुन्हा चुलीपाशी गेली. उरलेलं सगळं पीठ तिनं संपवलं, शेवटचा मांडा उतरवून मगच खापर बाजूला केलं. घेतलेलं काम अर्धं टाकणं तिला माहीत नव्हतं. मी परात घेऊन ओसरीत गेले. पुरुष कौतुक करत होते, आणि मला कोणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

साखरपुडा झाला. पेढे वाटले गेले. चौथ्या दिवशी भाऊसाहेब स्वतः आमच्याकडे आले. खुर्चीवर बसले, आईनं चहा ठेवला. "गुरुजी," ते म्हणाले, "तुमच्यासारखा भाडेकरू मले दिवा घेऊन शोधला तरी भेटनार नाई. एवढे शिकलेले, एवढे सज्जन. या दोन खोल्यांत तुमची अडचन होते, हे पाहून मलेच वाईट वाटते. तुमाले तं मोठी जागा शोभते. वहिनीचा तं काय स्वभाव, काय साफसफाई..." असं ते बराच वेळ बोलत राहिले. एकही शब्द वाईट नव्हता. बाबांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू होतं, जे मी तीन वर्षं पाहत आले होते, आणि मी बघत असतानाच ते हळूहळू उतरलं.

"भाऊसाहेब," बाबा म्हणाले, "एवढं कौतुक नका करू. खोली खाली करा, एवढंच म्हणा. मी करतो."

भाऊसाहेब उठले. चहा तसाच राहिला. त्यांच्या जाण्यानंतर बाबांनी तो कप उचलून मोरीत ओतला आणि म्हणाले, "बघू, कुठं मिळते." आवाज मोठा होता. बोळात ऐकू गेला असेल.

आम्ही गावाच्या कडेला, आमच्या लोकांच्या वस्तीत एक टिनाचं घर घेतलं. एकच खोली, जमीन उखडलेली, उन्हात भट्टीसारखी तापायची. मंदाचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. आम्हाला पत्रिका आली नाही. काकू पुढं दोनदा बाजारात दिसल्या, आणि दोन्ही वेळा त्यांनी भाजीवालीशी भाव करण्यात जरा जास्तच वेळ लावला. मला त्यांची आठवण यायची, हेही खरं आहे. माझे केस त्यांच्याइतक्या हळू हातानं कोणी विंचरले नाहीत.

या सगळ्या काळात आई मला एक शब्द बोलली नव्हती. म्हणजे बाकी सगळं बोलायची, जेव म्हणायची, अभ्यास कर म्हणायची. पण त्या दोन शब्दांबद्दल काही नाही. मी रोज वाट पाहायची की आज रागावेल, आज मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. शाळेत कोणी नुसतं "इंगळे" म्हणून हाक मारली तरी मी दचकायची.

नव्या घरी येऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. दुपारची वेळ होती, बाबा शाळेत. आई दाराशी सावलीत सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होती. मी समोर पुस्तक धरून बसले होते आणि शेवटी माझ्यानं राहवलं नाही. "आई, तू माह्यावर रागावली काऊन नाई?"

तिनं डाळीतला खडा काढून बाहेर फेकला. "तुह्यावर काय रागावू? तुले गोड लागलं. मलेही लागत होतं."

मी पुस्तक मांडीवर घेतलं.

"पहिल्या वर्षी," ती म्हणाली. "शांताकाकू म्हने का माहं घर कसं लखलखीत, माह्या घराले वास नाई, तं मले बरं वाटे. वरून नाई दाखवलं, पन आतून वाटे. मंग दिवाळीत सोनाळ्याले गेली मी. आठवते? माह्या आईनं पानी देल्लं. गिलासाले तिच्या बोटाचे पिठाचे ठसे होते, भाकरी करूनच उठली होती ती. अन् म्या काय केलं, पदरानं गिलास पुसला. माह्या आईच्या हातचा गिलास. पुसून मंग पानी पेली." ती थांबली. सूप हातात तसंच. "तिनं पाह्यलं. काई म्हटलं नाई. उठली अन् दुसरा गिलास घासून त्याच्यात पानी आनून देल्लं. पोळ्याच्या आधी तं गेलीच ती. म्या तिले एका शब्दानं म्हटलं नाई का माहं चुकलं. म्हनता आलं असतं. आठ दिवस होती मी तिथं."

टिनावर कावळ्याची नखं वाजत होती. आई पुन्हा डाळीकडे वळली. मी पुस्तक ठेवलं आणि तिच्याजवळ सरकले. शब्द बाहेर यायला फार वेळ लागला. ती थांबली. तिनं घाई केली नाही, मदतही केली नाही.

"आई, माहं चुकलं," मी म्हटलं.

"हाव," आई म्हणाली. "चुकलं."

आणि तिनं सूप माझ्याकडे सरकवलं.